पारंपरिक नावाची बाई

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी लॅबमध्ये पाण्याचे नमुने गाळत होते. सात नंबरला आमचं गाणं होतं. आधी डेन्मार्कहून आलेल्या व्हायोलिनवादिकेचं पूर्ण नाव आणि पुढे 'आंतरराष्ट्रीय कलाकार'. मग माझं नाव, कॉलेजसकट. गाणं कोणाचं, या रकान्यात एकच शब्द: पारंपरिक. त्याखाली सांस्कृतिक समितीच्या काकांची टीप होती. 'तिसरं कडवं कॅन्सल केलंय. फॅमिली ऑडियन्स आहे. थँक्स.'

हातमोजे काढले आणि तिथेच उभ्या उभ्या मी चार उत्तरं टाइप केली, चारही पुसली. राग आला होता. त्यातला अर्धा राग काकांवर होता. उरलेला अर्धा कोणावर होता ते मला पक्कं माहीत होतं. कारण हा पारंपरिक शब्द सहा महिन्यांपूर्वी मीच वापरला होता.

मी पत्रकांच्या घरात वाढले. सिन्नरला आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत विडी कामगार बायकांच्या संघटनेचं ऑफिस आणि आतल्या खोलीत आम्ही. आई संघटना चालवायची, बाबा पत्रकं लिहायचे. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. शाळेतून आले की गठ्ठा समोर घ्यायचा आणि एकेक कागद दुमडून अंगठ्याच्या नखाने घडी पक्की करायची. पत्रकाखाली काढणाऱ्यांची नावं आणि छापखान्याचं नाव असल्याशिवाय बाबा ते घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. एकदा छापखान्यात शेवटची ओळ राहून गेली, तर त्यांनी रात्रीच्या सभेआधी प्रत्येक कागदावर ती हाताने लिहायला लावली होती. मी रडत रडत ऐंशी कागद लिहिले होते.

दुपारी आमच्या ओट्यावर पाच-सहा बायका विड्या वळत बसायच्या. त्यात एक मावशी होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पानं आणि कमरेला दोऱ्याचं रीळ. तिचे हात चालू झाले की तोंड चालू व्हायचं. ती गाणी करायची. ऐकलेली म्हणायची नाही, करायची. संध्याकाळी कारखान्यात विड्या तपासणारा चेकर हाताला येतील तेवढ्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला फेकायचा. त्या त्याच्या मते बाद असायच्या, म्हणजे तेवढे कष्ट फुकट. त्या चेकरवर तिने केलेलं गाणं मी बोलायला लागायच्या वयापासून ऐकलं. मोर्चात ते म्हटलं जायचं. पुण्याला कॉलेजात आमच्या मेसच्या आंदोलनात मी ते म्हटलं. मग ते माझ्याबरोबर मॅसॅच्युसेट्सला आलं. दोन बॅगांमध्ये न भरताही जे आलं त्यातलं ते एक.

डेन्मार्कची बाई मला गेल्या मार्चमध्ये भेटली. आमच्या कॉलेजने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं. वाचनालयाच्या तळघरात तिचा वर्ग असायचा. दारावर चिठ्ठी होती, 'घरचं एक गाणं घेऊन या.' मला वाटलं होतं, युरोपियन पाहुणी, काळा पोशाख, शांततेत ऐकायचं संगीत. आत गेले तर ती जमिनीवर मांडी घालून सुई-दोऱ्याने वह्या शिवत होती.

ती काय काय करते याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावरची ती. तिथे लग्नात आणि बंदरावरच्या सभागृहात ती नाचासाठी व्हायोलिन वाजवते. कठपुतळ्यांच्या नाटकांना संगीत देते आणि कमी पडलं तर बाहुल्यांचे हातही कोरते. रेडिओसाठी तिने एक कार्यक्रम केला होता, त्यात सगळे आवाज फेरीबोटीचे: साखळी, दरवाजा, तिकीट फाडणारा माणूस. मंगळवारी ती वूस्टरच्या एका वृद्धाश्रमात जायची आणि नाव-गाव विसरलेल्या आज्यांकडून गाणी काढून घ्यायची. आणि या वह्या. शिकलेली प्रत्येक धून ती हाताने लिहायची, छापायची, दुमडायची, शिवायची. दुमडायला तिच्याकडे हाडाची गुळगुळीत पट्टी होती. मी नखाने घडी घालून दाखवली तर तिने माझा अंगठा धरून पाहिला आणि म्हणाली, "हे कुठल्या कारखान्यात शिकलीस?"

तिची एक सवय होती. वाजवण्याआधी ती सांगायची, हे कोणाकडून आलं. "ही अमक्याकडून. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. डाव्या पायाने ठेका धरायचा, उजवा गुडघा गेला होता." मग वाजवायची. वहीतही प्रत्येक धुनेच्या डोक्यावर तेच, 'अमक्याकडून'. तिच्याकडे धुनेचं नावच तसं असतं. माणूस काढला तर धुनेला नाव उरत नाही.

माझी पाळी आली. मी विडीचं गाणं म्हटलं, अर्थ इंग्रजीत सांगितला. ती खूश झाली. पेन उचलून म्हणाली, "कोणाकडून?"

मी म्हणाले, "पारंपरिक आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कोण?"

"म्हणजे आमच्याकडे एक मावशी होती. तिने केलंय."

"मग पारंपरिक कसं? तिचं नाव काय?"

मला नाव माहीत नव्हतं. अठरा वर्षं तिच्या हातचं खाल्लेल्या, तिच्या सुपातल्या तंबाखूने शिंकलेल्या मला. आमच्याकडे कोणी बाईला नावाने हाक मारत नाही. ती मावशी असते, काकू असते, नाहीतर अमक्याची आई. हाक मारायला एवढं पुरतं, म्हणून पुढे कोणी विचारत नाही. पत्रकाखाली बाबांचं नाव होतं, आईचं होतं, छापखान्याच्या मालकाचं होतं. जिचं गाणं पुढे आणि मोर्चा मागे चालायचा, तिचं नव्हतं. हे मला साडेसात हजार मैलांवर, एका तळघरात, परक्या बाईने विचारल्यावर कळलं.

मला वाटलं ती आता उपदेश करणार. तिने केला नाही. वहीत मान घालून म्हणाली, "माझ्या पहिल्या रेकॉर्डवर एक धून आहे. मासे साफ करणाऱ्या एका बाईने मला ती गुणगुणून दाखवली होती. मी पारंपरिक असं छापलं. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला ते भारदस्त वाटायचं. दुरुस्त करायला गेले तोवर ती वारली होती. तुझी मावशी आहे का अजून?"

"आहे."

"तिच्याकडे फोन आहे का?"

आईला फोन केला तेव्हा आधी तिने वेगळाच धागा पकडला. "त्या डेन्मार्कच्या बाईला तू काय म्हणतेस?"

"नावाने हाक मारते. तिथे तसंच असतं."

"पन्नाशीच्या बाईला? लाज नाही वाटत?"

"आई, मावशीचं नाव काय?"

मग आईने नाव सांगितलं. तिला माहीत होतं, सभासदांच्या रजिस्टरमध्ये होतं. मी म्हणाले, मग पत्रकावर का नव्हतं? आई म्हणाली, "सुचलं नाही." माझ्या आईने आयुष्यात कबूल केलेल्या चुका मी बोटांवर मोजू शकते. त्यातली ही एक.

दुसऱ्या दिवशी आईने मावशीच्या हातात फोन दिला. मावशीने स्क्रीन इतकी जवळ धरली की मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. गाणं अमेरिकेत म्हणणार, आधी तुझं नाव घेणार, हे मी तिला ओरडून सांगितलं.

"माझं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. घेऊ ना?"

"घे की. पर नवऱ्याचं नको लावू. त्यानं काय केलंय? माझं घे आणि माझ्या आयचं घे. पयलं कडवं तिनंच शिकवलंया." मग कपाळ हललं. "मला ऐकू आलं पायजे बघ."

मी शब्द दिला. मंडळाचा कार्यक्रम ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी साडेदहाला, श्रूजबरीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. भारतात तेव्हा रात्रीचे आठ. लाइव्ह दिसणार होतं. डेन्मार्कची बाई सोबत वाजवायला तयार झाली. सगळं ठरलं आणि मग ती यादी आली.

काकांबद्दल एक सांगितलं पाहिजे. मी या देशात उतरले तेव्हा विमानतळावर मला घ्यायला तेच आले होते. पहिली गादी त्यांनी दिली, पहिला कुकर काकूंनी. म्हणूनच जास्त चीड आली. परक्याने केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

रंगीत तालमीला मी सरळ त्यांच्यासमोर गेले. "काका, ते गाणं पारंपरिक नाही. ज्या बाईने केलं ती जिवंत आहे. शनिवारी फोनवर बघणार आहे."

"अगं, लोकगीत म्हणजे लोकांचंच ना? त्यात नाव कसलं?"

"कार्यक्रमही लोकांचाच आहे. मग फ्लायरवर तुमचं नाव कशाला?"

काकू फस्सकन हसल्या. काका हसले नाहीत. "टायमिंग बघ ना बाळा. सतरा आयटम आहेत. प्रत्येकाने कोणाकोणाची नावं घेतली तर जेवणं कधी होणार?"

"पाच सेकंद लागतात. मी मोजलेत. आणि तिसरं कडवं?"

"त्यात चोळी आहे."

"गेल्या वर्षी लावणी केलीत. त्यात काय स्वेटर होता?"

आता काकूही हसल्या नाहीत. "लावणीचं वेगळं गं. ती एन्टरटेनमेंट असते. हे ऐकून माणसाला अवघडल्यासारखं होतं. लहान मुलं असतात, अमेरिकन गेस्ट असतात. त्यांना वाटेल आपल्याकडे हेच चालतं."

"हेच चालतं, काकू."

"बघ, हे असं," काका म्हणाले. "तुला प्रत्येक गोष्टीचा मोर्चा करायचा असतो."

ते तिसरं कडवं असं आहे. ज्यांना अवघडायचं असेल त्यांनी अवघडावं:

सूप माझ्या मांडीवर, माझी बोटं दोऱ्यावर,
मेल्या चेकराचा डोळा माझ्या चोळीच्या गाठीवर.
छाट म्हणून फेकल्यास माझ्या विड्या मातीवर,
तुझी छाट करू आम्ही साऱ्या मिळून दारावर.

डेन्मार्कची बाई बाजूला खुर्चीवर चहाचा कप धरून बसली होती. मी तिला सगळं इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं होतं ती उठेल, व्हायोलिन पेटीत घालेल, काकांना दोन शब्द सुनावेल. तिने तसं काही केलं नाही. म्हणाली, "कोणाकडून ते सांगितल्याशिवाय मला सुरुवात करता येत नाही, तशी मी करणार नाही. पण मी उठून गेले तर ते माझं भांडण होईल. उद्या सगळे म्हणतील, परदेशी कलाकार नाराज झाली. तुझ्या मावशीचं नाव त्यातही नसेल." मला तेव्हा तिचाही राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच.

मग मी मला येतं ते केलं. शुक्रवारी दुपारभर आम्ही दोघींनी पत्रकं काढली. दीडशे. एका बाजूला गाणं, तिन्ही कडव्यांसकट, आणि त्याच्या डोक्यावर तिच्या वहीतल्यासारखं मावशीचं आणि तिच्या आईचं नाव, 'यांच्याकडून'. ती हाडाच्या पट्टीने घडी घालत होती, मी नखाने. मी जिंकले. सकाळी साडेनऊला मी प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवलं आणि बाबांना फोटो पाठवला. बाबांनी वळलेल्या मुठीचा इमोजी पाठवला.

दहा वाजता मी साडी नीट करून परत आले तर खुर्च्या रिकाम्या. दीडशेच्या दीडशे पत्रकं रिसायकलच्या निळ्या डब्यात, घडी न मोडलेली. छाट. एक स्वयंसेवक काकू म्हणाल्या, "अगं, कचरा दिसत होता म्हणून."

सूत्रसंचालन करायला इथेच जन्मलेली एक मुलगी होती, काकांचीच मुलगी, कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिने हातातल्या कार्डावरून इंग्रजीत वाचलं: पारंपरिक मराठी लोकगीत. आम्ही स्टेजवर गेलो. डेन्मार्कची बाई गज खाली धरून उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी माइकजवळ जाऊन मावशीचं नाव घेतलं. तिच्या आईचं घेतलं. दुसरा शब्द बोलतानाच मला कळलं की माझा आवाज फक्त माझ्याच घशात आहे. माइक बंद होता. हॉलच्या मागे साउंडच्या टेबलाशी काका उभे होते. व्हायोलिन सुरू झालं तसा माइक आला. दोन कडवी नीट गेली, लोकांनी ठेका धरला. तिसऱ्या कडव्याला तो पुन्हा गेला. मी घसा फाडून म्हटलं. पहिल्या तीन रांगांनी ऐकलं असेल. बाकीच्यांनी चार ओळी नुसतं व्हायोलिन ऐकलं आणि भरपूर टाळ्या वाजवल्या.

"टेक्निकल प्रॉब्लेम," काका म्हणाले. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाले.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. ओट्यावर आई, शेजारी मावशी, नवं लुगडं नेसून.

"नाव घेतलं का गं?" मावशीने विचारलं. "निसतं तोंड हलताना दिसलं."

"घेतलं मावशी. त्यांनी माइक बंद केला. पण मी छापलं होतं! दीडशे कागदांवर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. एक तुला पाठवते मी."

मावशी म्हणाली, "मला वाचता येतं व्हय?"

आणि तीच पुढे म्हणाली,

"तुझ्या बापानं लई छापलं. मी वाटलंबी. हजारो वाटली असतील. त्यात काय लिव्हलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची." ती रागावली नव्हती. मला तिच्या रागाची सवय होती, हे वेगळं होतं. "छापू नको. तोंडानं घे. मला ऐकू यीन असं."

माझं सगळं बालपण त्या एका वाक्यात उभं राहिलं, दुमडलेलं, नखाने घडी पक्की केलेलं. आम्ही ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी ते डोक्यावर वाहिलं आणि वाटलं. मावशीला आम्ही अक्षर शिकवलं नाही. सुचलं नाही. म्हणूनच या लेखातही तिचं नाव मी छापलेलं नाही. ज्यांना हवं आहे त्यांनी मला भेटावं, मी मोठ्याने सांगेन.

मी फोन चालू ठेवून जेवणाच्या हॉलमध्ये गेले. दोनशे माणसं ताटं घेऊन रांगेत. डेन्मार्कची बाई पुरीचं काय करायचं असतं ते बघत होती. मी तिला म्हणाले, "आता. इथे." तिने ताट ठेवलं, हात पुसले आणि पेटी उघडली.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. काका लगबगीने आले. "अगं, काय करतेस? खाली उतर. लोक जेवतायत यार."

"काका, इथे माइक नाही. बंद काय करणार?"

फोन कोणी धरायचा हा प्रश्न होता. काकांची मुलगी पुढे आली. "गिव्ह मी," म्हणाली, आणि बापाकडे पाठ करून तिने फोन उंच धरला, स्क्रीन माझ्याकडे. काकांनी तिला हाक मारली. ती वळली नाही.

मी मावशीचं नाव घेतलं. आईनं आम्हाला मोर्चात शिकवलं होतं तसं, पोटातून. मग तिच्या आईचं. रांग थांबली. श्रीखंडाचा डाव हवेत राहिला. व्हायोलिन सुरू झालं आणि मी तिन्ही कडवी म्हटली. चोळीच्या ओळीला एका काकूंनी मुलाचे कान झाकले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका आजींनी तोंडावर पदर घेतला, आणि पदराआड त्या हसत होत्या.

गाणं संपलं. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. लोकांनी ताटाकडे, एकमेकांकडे पाहिलं. काका माझ्याशी बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलंय.

मी खुर्चीवरूनच फोनकडे वाकले. "मावशी, आलं का ऐकू?"

"आलं," मावशी म्हणाली. मग तिने फोन आणखी जवळ ओढला आणि पुन्हा नुसतं कपाळ राहिलं. "आयचं नाव बारीक घेतलंस. परत घे."